उभ्या गाडीचं पडणं

मोटरसायकल पडली असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हायवे येतो, ऐंशीचा वेग येतो, घसरलेलं चाक येतं. पण नव्या गाडीचं पहिलं पडणं आठवून पाहा. तुमचं, भावाचं, मित्राचं. ते बहुधा पेट्रोल पंपावर झालेलं असतं. नाहीतर गल्लीत यू-टर्न घेताना, घरासमोरच्या उतारावर गाडी मागे ढकलताना, किंवा साइड स्टँड नीट लागला नाही म्हणून. वेग शून्य ते दहाच्या मध्ये कुठेतरी. माणसाला फारसं लागत नाही. गाडीचा क्लच लिव्हर वाकतो, आरसा फुटतो, इंडिकेटर लोंबायला लागतो. आजूबाजूचे चार जण बघत असतात, आणि ते सगळ्यात जास्त लागतं.

हा लेख त्या पडण्याबद्दल आहे. गोष्ट किरकोळ वाटते, पण तिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्याकडच्या दुचाकींवरची लोखंडी गार्डं, गावोगावचे मेकॅनिक आणि डेंटर, आपली बसण्याची पद्धत, यांतलं बरंच काही या हळू पडण्याभोवती घडलं आहे. आणि गेल्या वीसेक वर्षांत आपण ते विसरत चाललो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

मी पिंपळगाव बसवंतचा. निफाड तालुक्यातलं हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षं यांवर गावाचं पोट. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आसपास क्रेटनी भरलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते. हायवेवर ऐंशीने आलेली मोटरसायकल दोनशे मीटरवर या रांगेत शिरते आणि चालत्या माणसापेक्षा हळू सरकायला लागते. त्यामुळे गाडी जोरात पळवता येण्याचं आमच्याकडे फार कौतुक नाही. मागे बायको, पुढे टाकीवर पिशवी, दोन्ही बाजूंना ट्रॉल्या, आणि अशा फटीतून पाय खाली न टेकवता जो बाहेर पडतो, त्याला गाडी येते असं म्हणतात.

तोल येतो कुठून

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल ड्राइस या माणसाने दोन चाकं एकामागे एक लावून एक लाकडी यंत्र केलं. त्याला पेडल नव्हतं. वर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं. त्याने पुढचं चाक वळवता येईल अशी सोय केली होती आणि सगळी गोम त्यातच होती. गाडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पुढचं चाक वळवलं, की चाकं पुन्हा तोलाच्या खाली येतात. सायकल शिकवताना मागून सीट धरून पळणारे वडील "पडतेय त्याच बाजूला हँडल वळव" असं ओरडतात, ते हेच.

पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल म्हणून जिचं नाव घेतात, ती गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनवली. तिच्या फोटोत एक गंमत दिसते. मोठ्या दोन चाकांच्या मधोमध, दोन्ही अंगांना, एकेक छोटं आधाराचं चाक आहे. लहान मुलांच्या सायकलला असतं तसं. जगातल्या पहिल्या मोटरसायकलला पडायची भीती होती आणि तिच्या बनवणाऱ्यांनी ती लपवली नाही.

चालती दुचाकी स्वतःहून तोल सांभाळते ती का, हा प्रश्न पुढे शंभर वर्षं शास्त्रज्ञांना छळत राहिला. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे, असं बरेच जण मानायचे. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश माणसाने सायकलला उलट फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ पुसून टाकला. तरीही ती सायकल चालवता आली. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन अशी सायकल बनवली, जिच्यात तो गुणही नव्हता आणि पुढच्या चाकाची नेहमीची रचनाही नव्हती. ढकलून सोडल्यावर तीही काही अंतर स्वतः सावरत गेली. म्हणजे तोलाचं श्रेय एकट्या कशाला देता येत नाही. वजन कुठे आहे, हँडल कसं वळतं, चाक जमिनीला कुठे टेकतं, हे सगळं मिळून काम करतं.

या सगळ्याला अट एकच आहे, वेग. गाडी कलली की चाकांना तोलाखाली यायला थोडं अंतर कापावं लागतं. पन्नासच्या वेगात ते अंतर डोळ्याची पापणी लवेपर्यंत कापलं जातं आणि तुम्हाला कळतही नाही. पाचच्या वेगात तेवढ्यासाठी हँडल बरंच वळवावं लागतं, तेही वेळेत. वेग शून्य झाला की हँडलचा उपयोग संपतो. मग उरतो फक्त तुमचा पाय, आणि तो टेकतो त्या जागेची माती.

म्हणून हळू चालवणं हे जोरात चालवण्याचं सोपं रूप नव्हे. ते वेगळंच काम आहे.

लोखंडाचा काळ

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आलेल्या मोटरसायकली वजनदार होत्या. लष्करासाठी सरकारने बुलेट घेतली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जावा बनवायला घेतली. त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली, मूळ पोलंडच्या गाडीवरून केलेली. या गाड्यांचे मडगार्ड पत्र्याचे, हेडलाइटची वाटी पत्र्याची, बाजूच्या पेट्याही पत्र्याच्या.

राजदूत खेड्यात दूधवाल्याची गाडी म्हणून ओळखली गेली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून चालवणं म्हणजे काय, ते चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. कॅन काठोकाठ भरलेला असेल तर वजन निदान जागेवर राहतं. अर्धा रिकामा झाला की आतलं दूध हिंदकळतं आणि वळणावर गाडीला उशिरा धक्का देतं. दूधवाला दर दाराशी थांबतो, एक कॅन हलका करतो, पुन्हा निघतो. दिवसाला शंभर वेळा तो शून्यातून दहावर जातो आणि दहातून शून्यावर येतो. हळू चालवण्याचं याहून कडक शिक्षण मला माहीत नाही.

महाराष्ट्रात मात्र तो काळ मोटरसायकलपेक्षा स्कूटरचा होता. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज इटलीच्या पियाजियोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी सरकारी महामंडळ आणि बजाज यांनी मिळून काढली आणि तिथून 'प्रिया' बाहेर पडायला लागली. मागणी इतकी आणि परवान्यांनी बांधलेलं उत्पादन इतकं कमी, की नोंदणी केल्यावर स्कूटर हातात यायला वर्षानुवर्षं लागत. लग्न ठरायच्या आधी नोंदवलेली स्कूटर पहिलं मूल शाळेत जायच्या वेळी आली, असे किस्से आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघरी सापडतात.

आता अशी गाडी पडली तर? ती बदलण्याचा प्रश्नच नव्हता. या स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला असे, त्यामुळे वजन मुळात एकीकडे झुकलेलं. हळू वेगात चालवणारा अंग थोडं दुसरीकडे ठेवून ते भरून काढी. पडली की बाजूचा फुगीर पत्रा चेपत असे. पण तो पोलादी पत्रा होता. डेंटर आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने तो पुन्हा फुगवायचा, वर लांबी भरायचा, पॉलिश पेपर मारायचा, रंग द्यायचा. भाग बदलायचा नसे, त्याला पुन्हा त्याचा आकार द्यायचा असे. चेपू नये म्हणून लोक चारही बाजूंनी स्टीलचे चकचकीत गार्ड बसवून घेत. आज ते फोटोत पाहून हसू येतं. पण दहा वर्षं वाट पाहून मिळालेल्या वस्तूला माणूस पिंजरा करणारच.

१९७२ मध्येच पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसी, पेडल असलेली, सायकलपेक्षा थोडीच जड. पडली तर एका हाताने उभी करायची. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी यायचं. शिक्षिका, नर्स, कॉलेजच्या मुली, निवृत्त कारकून अशा किती तरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा इंजिन चालवलं ते लूनावर. पडायची भीती कमी केली की गाडी चालवणाऱ्यांची संख्या वाढते, हा धडा लूनाने देऊन ठेवला आहे.

शंभर किलो

१९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी करार झाले. १९८४ मध्ये इंड-सुझुकी आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. या शंभर सीसीच्या गाड्यांचं वजनही शंभर किलोंच्या आसपासच होतं. पंक्चर झाली तर ढकलत नेता येई, चिखलात रुतली तर दोघांनी उचलून बाहेर काढता येई. खेड्यात मोटरसायकल खऱ्या अर्थाने पोचली ती या गाड्यांवर बसून.

त्या पोचल्या, पण कारखान्यातून आल्या तशा राहिल्या नाहीत. पुढे लेग गार्ड लागला. तो अपघातातून वाचवतो का, हा वेगळा वाद आहे. पण उभी गाडी पडली तर ती त्याच्यावर टेकते आणि इंजिन, टाकी, पाय यांना थोडी जागा राहते. मागच्या चाकाला साडी गार्ड लागला. पुढे तो कायद्यातही आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी धरायला हँडल हवं, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं नको, म्हणजे कपडे अडकणार नाहीत.

एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई हा जगातल्या मोटरसायकल डिझाइनरांनी फारसा न अभ्यासलेला विषय आहे. आपल्याकडे ती डावीकडे पाय सोडून बसते. तिचं वजन मधल्या रेषेवर नसतं. चालवणारा नकळत कंबर उजवीकडे सरकवतो. ती बसताना आणि उतरताना गाडी एकदम डावीकडे ओढली जाते. म्हणून जुनी माणसं दोन्ही पाय टेकवून, पुढचा ब्रेक धरून, "बसलीस का?" असं विचारल्याशिवाय क्लच सोडत नाहीत. या प्रश्नाला प्रेमळ चौकशी म्हणा हवं तर. मुळात ती तोलाची तपासणी आहे.

प्लास्टिक आणि उंची

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि मोटरसायकल ही मायलेजपलीकडची वस्तू झाली. चाकणच्या पट्ट्यात हा उद्योग वाढत गेला. २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० तिथूनच बाहेर पडली, २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा. आज निफाड तालुक्यातला विशीचा मुलगा द्राक्षाचे पैसे आले की जी गाडी बघतो, ती बापाच्या गाडीहून मोठी असते.

किती मोठी? स्प्लेंडरचं वजन ११२ किलो आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर. २०२१ ची क्लासिक ३५० आहे १९५ किलोंची. २०२० मध्ये आलेल्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरची सीट ८५५ मिलिमीटर उंचीवर होती. पाच फूट चार इंचांच्या माणसाचे दोन्ही तळवे अशा सीटवरून जमिनीला लागत नाहीत, फक्त बोटं टेकतात. सपाट रस्त्यावर बोटं पुरतात. रस्त्याला एका बाजूला उतार असला, खाली खडी किंवा सांडलेला टोमॅटो असला, की बोटं पुरत नाहीत.

पत्र्याच्या जागी प्लास्टिक आलं. ते हलकं आहे, गंजत नाही, कोणताही आकार घेतं. पण पत्रा चेपतो तिथे प्लास्टिक तडकतं, आणि तडकलेल्याला हातोडी लावता येत नाही. डेंटरचं काम गेलं, पार्ट बदलणं आलं. विम्याच्या हिशेबातही हे उतरलं आहे. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे नव्या फेअरिंगची निम्मी किंमत तुमच्या खिशातून जाते. शिवाय एक क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षं क्लेम न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. आरसा आणि इंडिकेटरसाठी क्लेम करणं म्हणजे पुढच्या हप्त्यात तेवढेच पैसे परत भरणं. म्हणून असा खर्च बहुतेक जण मुकाट्याने स्वतःच करतात, आणि नव्या गाडीचा पहिला ओरखडा ईएमआयच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बसतो.

सुरक्षेचे नवे नियम इथे कामाला येत नाहीत. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि अशा सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. फार चांगलं झालं. पण एबीएस चाक लॉक होण्यापासून वाचवतं. थांबता थांबता हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली, तर त्यात त्याला करण्यासारखं काही नसतं.

कोण थांबतं

माझ्या आतेबहिणीने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. ती शाळेत शिकवते. लहानपणापासून मामाची गाडी चालवत आली होती, लायसन्स होतं, हायवेवर तिला काही अडचण नव्हती. चौथ्या दिवशी द्राक्षबागेच्या बांधापाशी वळवताना गाडी आडवी झाली. नुकतं पाणी दिलेलं होतं, काळ्या मातीत पाय सरकला. तिला काहीही लागलं नाही. बागेतल्या माणसांनी गाडी उचलून दिली आणि एक जण सहज म्हणाला, "ताई, ही बायांची गाडी नाही."

ती गाडी त्यानंतर पाच महिने कव्हरखाली होती. घरातले म्हणत होते, विकून स्कूटी घे.

मुलगा पडतो तेव्हा गाडी पडली असं म्हणतात. मुलगी पडते तेव्हा तिला झेपत नाही असं म्हणतात. कारण दोघांचं एकच असतं, वेग शून्य आणि खाली निसरडी माती. या लेखात मी इतकं खोदत बसलो त्यामागे हेही आहे. पडण्याचं कारण नीट सांगितलं नाही की लोक स्वतःचं कारण जोडतात. मग माणसं गाडी सोडतात, आणि खेड्यात गाडी सोडणं म्हणजे नोकरी, कॉलेज, क्लास यांपैकी काहीतरी सोडणं असतं. एसटी दिवसातून तीनदा येते अशा वाडीत राहणाऱ्या मुलीला विचारा.

माझ्या बहिणीची गाडी कव्हरमधून निघाली ती एका जुन्या खेळामुळे.

शेवटी पोचेल तो पहिला

शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीत, प्रजासत्ताक दिनाला आपल्याकडे स्लो सायकलची शर्यत असते. जो सगळ्यात शेवटी पोचतो तो जिंकतो, आणि पाय टेकला की बाद. गावातल्या जिंकणाऱ्या मुलांना निरखून पाहा. ती चाकाकडे बघत नाहीत, समोरच्या रेषेकडे बघतात. हँडल सतत थोडं थोडं हलवत राहतात. पेडलवरचा जोर सोडत नाहीत आणि ब्रेकवरची बोटंही सोडत नाहीत.

मोटरसायकलवर हेच करायचं असतं. पेडलच्या जागी हाफ क्लच. ॲक्सिलरेटर थोडा आणि स्थिर ठेवायचा, क्लच अर्धा धरून चाकाला हवी तेवढीच ताकद द्यायची. मागचा ब्रेक पायाने हलका दाबून ठेवायचा, त्याने गाडी ताणलेली राहते आणि डगमगत नाही. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. नजर जिकडे जायचं आहे तिकडे, खांद्याच्या पलीकडे. खड्ड्याकडे पाहिलं की गाडी खड्ड्यात जाते. घट्ट यू-टर्नमध्ये गाडी आत कलू द्यायची आणि स्वतःचं अंग थोडं बाहेर ठेवायचं. हायवेवरच्या सवयीच्या हे बरोबर उलट आहे, म्हणून पहिले काही दिवस ते चुकीचं वाटतं.

लायसन्ससाठी 'आठ' काढायला लावतात तेही याचसाठी. आठाच्या आकड्यात दोन्ही बाजूंची वळणं आहेत आणि मध्ये तोल बदलायची जागा आहे. इतकी चांगली परीक्षा आपण आदल्या संध्याकाळी, तेही हलक्या गाडीवर, घोकून पास होतो आणि विसरतो. नवी जड गाडी घेतली की पहिल्या रविवारी रिकाम्या मैदानात जाऊन पुन्हा आठ काढायला हवेत. बहिणीने तेच केलं. जमिनीवर जुन्या चपला ठेवून, आधी मोठा आठ, मग दर आठवड्याला थोडा लहान.

उभं करण्याचंही शास्त्र आहे. साइड स्टँड डावीकडे असतो, म्हणून उजवीकडे उतार असलेल्या जागी गाडी उजवीकडे जायला बघते. ओल्या काळ्या मातीत किंवा मे महिन्याच्या डांबरात स्टँड रुततो आणि गाडी डावीकडे आडवी होते. आमच्याकडचे शेतकरी डिकीत किंवा सीटखाली फरशीचा तुकडा ठेवतात, स्टँडखाली सरकवायला. उतारावर उभी करायची तर पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. आणि गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की पाय घालून तिला अडवायचं नाही. १९५ किलो अडत नाहीत, पाय मोडतो. त्या क्षणी हँडल सोडून बाजूला होणारा माणूस शहाणा.

उचलल्यावर

पडलेली गाडी घाईने उचलण्यात पाठ धरते. आधी चावी बंद करायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा आणि जमलं तर गिअर टाकायचा. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने खालच्या बाजूची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचं हँडल धरायचं, आणि पायांच्या जोरावर मागे चालत उठायचं. पाठीने ओढायचं नाही.

कार्बोरेटरच्या काळात पडलेल्या गाडीचं पेट्रोल ओघळायचं, इंजिन पेट्रोल पिऊन बसायचं आणि दहा-बारा किका लागायच्या. आता फ्युएल इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत आडवं झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो आणि तो इंजिन बंद करतो. मग बटण दाबून काही होत नाही आणि नवा मालक घाबरतो. चावी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा काम होतं.

त्यानंतर ओरखडे बघायचे नाहीत. आमच्याकडचा एक जुना मेकॅनिक पडलेली गाडी आली की रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो आधी ॲक्सिलरेटर पिळून सोडतो. मूठ आत सरकून घासत असेल तर ती आपोआप मागे येत नाही, आणि अशी गाडी रस्त्यावर नेणं जिवावरचं आहे. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणतात का ते बघतो. पुढचा ब्रेक दाबून डिस्कच्या ऑइलची गळती शोधतो. मागच्या ब्रेकचं पेडल आत वाकून इंजिनला टेकलंय का, गिअरचा लिव्हर वर-खाली मोकळा आहे का, इंजिनच्या बाजूच्या झाकणातून तेल पाझरतंय का, चाक फिरवल्यावर डिस्क घासतेय का. हे सगळं दोन मिनिटांत होतं. तेल मागच्या टायरवर गेलं तर पुढच्या वळणावर खरं पडणं वाट बघत असतं.

वाकलेलं सगळं सरळ करता येत नाही, हा त्याचा दुसरा धडा. फूटरेस्ट आणि गिअरचा लिव्हर बहुधा पोलादी असतात, पाइप घालून सरळ होतात. पण गिअरचा लिव्हर जागेवरच ठेवून जोर लावला तर आतला शाफ्ट वाकतो, म्हणून तो आधी काढून घ्यायचा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे असतात. ते एकदा वाकतात. परत सरळ करताना आत बारीक तडा जातो आणि तो दिसत नाही. काही दिवसांनी ट्रॅफिकमध्ये, नेमका गरजेच्या वेळी, लिव्हर हातात येतो. साध्या गाडीचा लिव्हर काहीशे रुपयांत मिळतो, तो बदलायचा. हँडल वाकडं दिसतंय पण पाइप सरळ आहे, तर पुढचे शॉकअप टी मध्ये फिरलेले असतात. बोल्ट ढिले करून ते सरळ बसतात. इंजिनच्या झाकणाला बारीक भोक पडलं तर एम-सील लावून घरापर्यंत येता येतं, पुढे नाही. टाकीचा चेपा मात्र ओळखीच्या डेंटरकडेच. पेट्रोलच्या वाफा असलेल्या टाकीजवळ वेल्डिंग कुणी काढलं तर तिथून निघायचं.

प्लास्टिकच्या तडकलेल्या भागांना सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने आतून शिवणारी मुलं आता छोट्या गावांतही दिसतात. तडा बाहेरून दिसतो, पण भाग पुन्हा घट्ट होतो. पत्र्याच्या डेंटरचा धंदा गेला असं मी वर म्हटलं. त्याच्या जागी आलेला हा कारागीर त्याचाच वारस आहे. दोघांच्याही कामामागे एकच विचार आहे, वस्तू फेकायची नाही.

खुणा वाचणारे

जुनी गाडी विकत घेताना अनुभवी माणूस मीटरवर विश्वास ठेवत नाही, तो फिरवता येतो. तो लिव्हरची टोकं बघतो, फूटरेस्टचं टोक बघतो, सायलेन्सरची बाहेरची कड बघतो. फक्त डावीकडे हलके ओरखडे असतील तर गाडी स्टँडवरून पडलेली. दोन्ही बाजूंना सारखे असतील तर तिच्यावर कुणीतरी शिकलं आहे. खोल, लांब, एकाच दिशेने घासलेले असतील तर वेगात गेलेली, ती घ्यायची नाही. पहिल्या दोन प्रकारांना तो भाव पाडत नाही. उलट एकही खूण नसेल तर विचारतो, काय बदललंय?

ड्राइसच्या लाकडी यंत्रापासून लूनापर्यंत आणि दुधाच्या कॅनपासून एबीएसपर्यंत, दोन चाकांवर बसणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी थांबता थांबता आडवा झाला आहे. तेव्हा तुमच्या नव्या गाडीवर पहिला ओरखडा आला असेल तर त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, आणि शेजारच्या मुलीच्या गाडीवर आला असेल तर तिला सल्ला देण्याआधी मैदान दाखवा. ओरखडा राहू द्या. वाकलेला क्लच लिव्हर मात्र आजच बदला.